हिरव्या सावलीचा वाघ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून राग येतो. माझ्या चित्रकलेची शैली या जगात सर्वात आधी कुणी ओळखली असेल? नळदुर्गच्या पोलीस जमादारानं.

हैदराबादेत चित्रकला शिकून मी नुकताच गावी परतलो होतो. निघताना गुरुजी एवढंच म्हणाले होते, "हात चांगला आहे, पण चित्रात तू कुठं दिसत नाहीस. स्वतःची शैली शोध." झालं. आठ महिने मी किल्ल्यासमोर बसून शैली शोधत होतो. बुरूज जांभळे काढले, बोरी नदी गुलाबी काढली. वडील शाळामास्तर. ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "नदीला काय झालंय?"

शेवटी एक सत्य सापडलं. सावली काळी नसते. तुमच्या हातातल्या कपाखाली बघा. आहे काळी? नाही ना? मग मी ठरवलं, आपल्या चित्रात काळा रंग बंद. सावली हिरवी. हीच आपली शैली. पण दाखवायची कुणाला?

तेवढ्यात मोहरम आला. आमच्याकडं मोहरमात हिंदू-मुसलमान सगळेच नवस फेडतात, आणि त्यातला एक नवस वाघ होण्याचा. अंगभर वाघाचे रंग लावायचे, शेपूट बांधायचं आणि हलगीवर नाचत पीरांच्या पंजांच्या सवारीपुढं जायचं. गणपत लोहारांची चंद्री दोन महिने तापानं अंथरुणावर होती. ती उठून चालू लागली तर वाघ होईन, असं ते बोलले होते. चंद्री उठली. पण दरसाल वाघ रंगवणारे बाबूचाचा लेकीकडं लोहारा गावी गेलेले, आणि परतायचा पत्ता नाही.

"धाकले मास्तर," गणपतमामा माझ्याकडं येऊन म्हणाले, "तुमी एवढं शिकून आलाव. मला वाघ करा."

केला. पाठ आणि खांदे केशरी. छाती-पोट पांढरं. कमरेखाली, जिथं उजेड पोचत नाही, तिथं घोट्यापर्यंत हिरवीगार सावली.

"आन पट्टे?" मामांनी विचारलं.

"वाघाला पट्टे असतात हे सगळ्यांना माहीत आहे, मामा. ते दाखवण्यात कसली आलीय कला?"

"हिरवा वाघ म्या बघितला न्हाय."

"ती सावली आहे."

"मंग आसंल."

वाघाची मिरवणूक सवारीच्या जागेकडं निघाली. एकही पोरगं घाबरून पळालं नाही. एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "ह्यो कंचा देव म्हनायचा?" कोपऱ्यावरचा बागवान म्हणाला, "तोता है क्या?" मामा बिचारे गुरगुरायचे, आणि गुरगुरण्याच्या मध्ये सांगायचे, "वाघ हाय, वाघ." वाघाला स्वतःची ओळख तोंडानं करून द्यावी लागली, म्हणजे बघा.

चावडीपुढं जमादार उभा होता. त्यानं मामांना खांद्यापासून खाली न्याहाळलं. ओठ हलत होते. केशरी. सफेद. हरा.

हलगी थांबली.

निजामाच्या राज्यात तेव्हा हे तीन रंग एकाखाली एक घरात सापडले तरी तुरुंग. आणि इथं ते शेपूट लावून भर रस्त्यात नाचत होते.

"किसने रंगाया?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी पुढं झालो.

"मी. ही माझी शैली आहे."

"ये झंडा है."

"झंडा नाही, सावली आहे." आणि मी चावडीपुढं उभा राहून उजेड-सावलीवर व्याख्यान दिलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शाबास रे पठ्ठ्या." दुसऱ्यानं डोळा मारला, "सावली म्हणं." माझं डोकं फिरलं. खादी मीही घालत होतो, पण इथं प्रश्न कलेचा होता. मी ओरडलो, "मला तिरंगा काढायचा असता तर उघड काढला असता!"

जमादार शांतपणे म्हणाला, "चलो, दोनों अंदर."

गणपतमामा खालीच बसले. शेपूट हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, सवारी उठंल आता. पोरीचा नवस हाय." त्यांच्या मागं चंद्री मलिद्याची ताटली धरून उभी होती, काडीसारख्या पायांवर. वाघाला मलिदा तीच भरवणार होती. पहिल्यांदाच मला माझी शैली पुसून टाकावीशी वाटली.

आणि तेव्हा खांद्यावर गाठोडं टाकून बाबूचाचा आले. लोहाऱ्याहून थेट. वाघाला बघून थबकले.

"गणप्या, ये क्या बीमारी लगी रे तुझे?" मग जमादाराकडं वळून, "साब, दो घडी ठैरो."

त्यांनी समोरच्या घरातून तवा मागवला. पालथा करून काजळी खरवडली, तेलात कालवली. गाठोड्यातली पिवडी, म्हणजे पिवळी रंगमाती, मामांच्या छातीवर, पायांवर फासली, माझ्या सगळ्या शैलीवरून. आणि तीन बोटं काजळीत बुडवून सपासप ओढली. पट्टे. काळेकुट्ट.

मामा गुरगुरले. पोरं किंचाळत पांगली. जमादार दोन पावलं मागं सरकला आणि मग रस्ता सोडला. चंद्री आधी माझ्यामागं लपली, मग पुढं होऊन तिनं वाघाला मलिदा भरवला. सवारीच्या आधी वाघ पोचला.

माझं मात्र सुरूच राहिलं. त्यानंतर गावात कुठल्याही भिंतीवर तीन रंग उमटले की जमादार सकाळी दारात. "तुम्हारा हाथ पहचानता हूँ." त्यातलं एकही चित्र मी काढलेलं नसायचं. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. कुणीतरी हात ओळखत होतं.

मग एकदा चावडीच्याच मागच्या भिंतीवर मोठा तिरंगा उमटला. बोलावणं आलं. मी दोन कपडे पिशवीत घालूनच निघालो. आईनं डोळे पुसले. जमादारानं भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाला, "घर जाओ."

"का?" मला खरंच लागलं ते.

"ये तुम्हारा नहीं," तो म्हणाला. "ये देखते ही समझ में आता है, क्या है."