आत्याचं तिसरं बाळ

परवा नातवाच्या बाळाला ओव्याची धुरी दिली आणि त्या वासासरशी मी १९४०च्या सुमाराच्या विंझर गावात, आत्याच्या घरी पोचले.

आत्याचे दोन्ही मुलगे जन्मतः बहिरे. तिसऱ्या खेपेला ती दिवसभर पोटातल्या जिवाशी बोलायची. म्हणायची, “कानाची गरज हाय हे त्येला आतच कळंल, मग कान व्हतील.”

बारशाच्या सकाळी तिनं बाळाच्या उशाशी पितळी परात आपटली. मी दचकले. बाळ गाढ झोपलेलं. तिनं परात पुन्हा आपटली, मग खाली बसली.

“म्या सांगितलेलं ऐकायला बी कानच लागत्यात की गं,” ती म्हणाली.

पुढे मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सजीवांतले बदल गरज पाहून होत नाहीत, हे मुलांना समजावलं. आत्याला कधीच सांगितलं नाही. तोवर तीन बहिऱ्या मुलांच्या घरात तिनं बोलणंच सोडलं होतं.