उरलेल्या गोळ्या

गावी चुलतबहीण शकूनं साडीच्या घडीत लपवलेलं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट मला दिलं. शहरात माझं पाकीट टूथब्रशशेजारी उघडंच पडलेलं असतं, ओळीनं रिकामं होत जातं. हिच्या गोळ्या मात्र इथून एक, तिथून एक अशा गेलेल्या.

“रोज नाही घेतल्यास?”

“हे ट्रकवर असायचे. घरी यायचे त्या दिवशी घ्यायची. बाकीच्या दिवशी उगं कशाला वाया घालवायची?”

काटकसर तिला सगळ्यांनी शिकवली. ही गोळी रोजच घ्यायची असते, एवढं मात्र कुणी सांगितलं नाही. आणि लपवून ठेवलेल्या गोष्टीबद्दल ती विचारणार तरी कुणाला?

चौथ्या खेपेला वाढलेल्या पोटावर हात ठेवून शकू म्हणाली, “तू घेऊन जा गं. चांगल्या उरल्यात.”