मळणीयंत्रापुढची दुआ

आम्ही शिरूरकडच्या एका गावचे मुलाणी. आमच्या गावात ज्वारीची मळणी माझ्या सासऱ्यांवाचून व्हायची नाही. खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे लाकडी खांब, रोवलेला असायचा. त्याभोवती बैल फिरून रास तयार झाली की सासरे बिस्मिल्ला म्हणून बोकड कापायचे. रक्ताचं बोट तिवड्याला लागायचं आणि पहिलं सूपभर धान्य त्यांच्या उपरण्यात पडायचं.

पुढं माझे दीर दौंडला रेल्वेत लागले आणि तिथल्या मशिदीत धर्माची शिकवण देणाऱ्या जमातीत जाऊ लागले. सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, "अब्बा, खांबाला रक्त लावणं आपल्या दीन-धर्मात बसत न्हाई. नुसती दुआ मागा."

त्याच साली गावातल्या बागाईतदारांनी, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, भाड्यानं मळणीयंत्र आणायचं ठरवलं. यंत्राला तिवडा लागत नाही.

"बोकड न्हाई, तिवडा न्हाई. मग मी खळ्यावर माशा मारू?" सासरे रुसून बसले. दोन घास धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण सासऱ्यांपुढं बोलायची माझी छाती नव्हती.

मळणीच्या दिवशी सकाळी मामाच दारात आले. "चाचा, उठा. तुमची दुआ झाल्याबिगर मी दाणा घरात न्यायचा न्हाई."

पहिलं धान्य पडताना दुआ मागायची, असं दिरांनी ठरवलं. मी पदर नाकापर्यंत ओढून कणसांच्या पाट्या देत होते. यंत्र धडधडलं, दाणे उडाले. सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. यंत्र बंद!

हात खाली घेतले. यंत्र सुरू. पुन्हा दुआला हात उचलले. पुन्हा बंद!

मामा यंत्रवाल्यावर ओरडले, "आरं, का थांबतोस सारखा?"

"तुम्हीच म्हणला व्हता ना, आवाजात ऐकू येत न्हाई, हात वर दिसला की बंद कर!"

सगळं खळं हसून लोळलं. कडक तोंडाचे माझे दीर कडब्यात बसून डोळे पुसत होते. मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

यंत्रवाल्याला समजावलं, तेव्हा कुठं दुआ पुरी झाली. मामांनी सूप भरून सासऱ्यांच्या उपरण्यात ओतलं आणि म्हणाले, "आता तुमचा हात वर झाल्याबिगर हे यंत्र न्हाई थांबायचं."

सासरे खुलले. उपरणं माझ्याकडं देऊन सावकाश दोन्ही हात वर केले. यंत्र थांबलं.

"आता काय, चाचा?"

"काय न्हाई," सासरे म्हणाले, "थांबतंय का बघितलं."