तिसरं मुसकं

रहिमतपूरच्या बाजारात लालासाहेब दिसायच्या आधी ऐकू यायचा. फौजेतून हवालदार होऊन परतलेला हा गडी कानात सांगतो म्हणून जे बोलायचा, ते तीन दुकानं पलीकडं कळायचं. माणूस मनानं वाईट नव्हता. पण त्याच्या तोंडातून एखादी गोष्ट बाहेर पडली की ती गावची झाली, मग खरी असो की खोटी.

फौजेत तो एका कर्नलसाहेबांचा ड्रायव्हर होता. साहेबांची एक लाल मोटार होती. विलायती, दोघांनीच बसायची, वर टप नाही, बसलं की बूड रस्त्याला टेकतंय की काय वाटावं इतकी बुटकी, आणि पळायला वारं प्यालेली. ती साहेब स्वतः चालवायचे. लालासाहेबानं ती फक्त पुसायची. वर्षानुवर्षं त्यानं ती पुसली, पण स्टिअरिंगला हात लावायला एकदाही मिळाला नाही. ही भूक पोटात तशीच राहिली. पुढं साहेब लेकीकडं परदेशी निघाले, जुनी झालेली गाडी विकायला काढली, आणि नुकत्याच पेन्शनीत निघालेल्या लालासाहेबानं हातात होतं नव्हतं ते साहेबांपुढं ठेवलं. इकडं घरी त्याची बायको बनुबाई पिठाच्या गिरणीची जागा सारवून वाट बघत होती. गिरणीऐवजी दारात ही लाल भानगड येऊन उभी राहिली.

"ह्यात पोती कुठं ठिवायची?" बनुबाईनं विचारलं.

"पोती न्हाई ठिवायची. ही पळवायची असती."

"कुनाच्या मागं?"

लालासाहेब फडकं घेऊन गाडी पुसायला लागला. गावानं गाडीचं नाव ठेवलं बोडकी.

जुनी गाडी म्हणजे म्हातारा बैल. आज हे दुखतंय, उद्या ते. बोडकी धूर सोडायला लागली तेव्हा लालासाहेबानं ती चांदसाहेबाकडं नेली. चांदसाहेब मुसलमान, हा मराठा, पण दोघं एका ओढ्यात पोहायला शिकलेले, एका मास्तरचा मार खाल्लेले. चांदसाहेबाचं गॅरेज म्हणजे स्टँडमागचं पत्र्याचं शेड. ना पाटी, ना भांडवल. 'चांदच्या हातनं गेलेली गाडी वाटेत बसत नाही,' असं लोक म्हणायचे आणि तेवढ्या बोलण्यावर त्याचं घर चालायचं.

चांदसाहेबानं जिवाचं रान करून बोडकीचं इंजिन उलगडलं आणि पुन्हा बांधलं. इंजिनाच्या कडेला हवा ओढणारी दोन उघडी तोंडं होती. ती बघून तो म्हणाला, "लाला, ह्यास्नी मुसकं पायजे. न्हाईतर ही बया वाटंतलं काय बी गिळंल." आणि मळणीत बैलानं कणसाला तोंड घालू नये म्हणून बांधतात तशी तारेच्या जाळीची दोन मुसकी वळून त्यानं त्या तोंडांवर बसवली.

लालासाहेबाला ती पटली नाहीत. एक तर चकचकीत इंजिनावर ती ठिगळासारखी दिसत होती. दुसरं म्हणजे आवाज दबत होता. दबलेल्या आवाजाची गाडी, आणि ती लालासाहेबाची! गॅरेजमधून निघाल्यावर पहिल्याच ओढ्यावर त्यानं गाडी थांबवली, मुसकी काढली आणि पाण्यात भिरकावली.

इंजिन नवं झालं म्हणजे औंधच्या यमाईला दाखवायला हवं. डोंगराच्या पायथ्याला गाडी उभी करून बनुबाईनं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. एवढ्यावर भागलं असतं. पण देवीनं खरी वस्तू बघावी म्हणून लालासाहेबानं बॉनेट उघडलं, आणि जमलेल्या माणसांनी ऐकावं म्हणून इंजिन चालूच ठेवलं. मग गुलाल-खोबऱ्याच्या मुठी भरून, "यमाईच्या नावानं चांगभलं!" म्हणत त्यानं इंजिनावर अशी उधळण केली की बघे हसायला लागले.

परतीच्या वाटेवर सरळ रस्ता लागला. लालासाहेबानं पाय दाबला आणि बोडकी सुटली. समोर बैलगाडी दिसली म्हणून त्यानं पाय उचलला, तर गाडी हळूच होईना. बनुबाईनं डोळे मिटून देवीला हाक मारली. अशा वेळी आधी चावी बंद करायची असते, हे फौजेतल्या ड्रायव्हरला सांगायला नको. पण लालासाहेबानं क्लच दाबला आणि तो ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. गाडी थांबली. मोकळं सुटलेलं इंजिन मात्र किंचाळत राहिलं, आणि मग आत धाडदिशी काहीतरी फुटलं. पोटातला दांडा तुटून इंजिनाला भोक पाडून बाहेर आला, आणि काळं तेल रस्त्यावर सांडलं.

ज्या बैलगाडीसाठी ब्रेक मारला तिच्याच मागं दोरखंडानं बांधून बोडकी रहिमतपूरला निघाली. गाडीवान आकाराम वाटभर मागं वळून विचारत होता, "हवालदार, माझी बैलं जरा सावकाश चालत्यात, चालंल न्हवं?" लालासाहेबाच्या अंगाचा तिळपापड होत होता.

शेडाच्या दारातच तो कडाडला, "चांद्या, काय बांधलं हुतंस रं? इंजिन व्हय का उतरंड?"

"आज गप घरला जा," चांदसाहेब म्हणाला. "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब आला तेव्हा सगळं खोलून पडलं होतं.

"दुसरं इंजिन घालाय लागतंय," चांदसाहेब म्हणाला. "मुसकी कुठं हायत?"

"मुसक्यांचं काय घिऊन बसलास? इंजिन कशानं गेलं ते सांग!"

चांदसाहेबानं चिंधीला हात पुसले. शेडाबाहेर दहा माणसं कान टवकारून उभी होती. त्यांच्याकडं एकदा बघून तो म्हणाला, "आसंल माझंच काय तरी ऱ्हायलं."

झालं! आयतं कोलीत मिळालं. लालासाहेब चहाच्या दुकानात बोलला, पारावर बोलला, एस्टीत बोलला. चांदनं माझं इंजिन मारलं, तोंडानं कबूल केलं! लोकांना काय, ऐकायला फुकट होतं. पहिल्यांदा ट्रकवाल्यांनी वाट बदलली, मग जीपवाल्यांनी. ज्या बोलण्यावर चांदसाहेबाचं घर चालत होतं, तेच बोलणं आता उलटं फिरलं.

लालासाहेबानं बोडकी ट्रकवर घालून सांगलीला नानासो मिस्त्रीकडं नेली. हा नानासो एक नमुना होता. गेलं की म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात गेलं की म्हणायचा, "काल का न्हाई आला?" मुंबईहून आलेला भाग बसायचा नाही, बसला तर गळायचा, गळायचा थांबला तर दुसऱ्याच गाडीचा निघायचा. एस्टीच्या फेऱ्या मारून लालासाहेबाच्या चपला झिजल्या. अखेर पुण्यातल्या एका मोडक्या गाडीचं इंजिन मिळालं. उसाचं बिल आलं ते परस्पर तिकडं गेलं, आणि दावणीची दुभती म्हैसही त्याच वाटेनं गेली. गिरणीच्या जागेवर एरंड माजला.

"म्हस जाऊन काय आलं? फटफट!" बनुबाई म्हणायची. लालासाहेब चांदसाहेबाला आणखी चार शिव्या घालायचा.

वर्ष फिरून बोडकी दारात आली. बनुबाई काही केल्या बसेना. "आधी दारात नारळ फोडा. औंधला मागनं बघू."

सगळी आळी जमली. लालासाहेबाला चेव आला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, गुलाल-खोबऱ्याची मूठ उधळली, आणि लोकांना आवाज ऐकवायला हातानंच ॲक्सिलरेटरची तार ओढून इंजिन गुरगुरवलं. तार सोडली, तरी इंजिन खाली येईना. ते चढतच गेलं. तेच किंचाळणं! या वेळी मात्र त्यानं झेप घालून चावी बंद केली.

त्यानं डाव्या तोंडात बोट घातलं. आत हवेची वाट उघडझाप करणाऱ्या पाकळीच्या फटीत खोबऱ्याचा तुकडा पाचरीसारखा अडकला होता. तो हातात घेऊन लालासाहेब उभा राहिला. आळीतली माणसं हसली, पण त्याला हसू येईना.

"औंधला बी आसंच केलं हुतं न्हवं?" बनुबाईनं विचारलं.

"व्हय." एवढ्या बारीक आवाजात लालासाहेब जन्मात बोलला नव्हता.

"आनि चांदभाऊजी?"

त्यानं गाडीत उडी टाकली ती थेट स्टँडमागं. शेडात चांदसाहेब एका सायकलचं पंक्चर काढत बसला होता. आत एकही मोटार नव्हती. लालासाहेबानं तुकडा पुढं धरला. चांदसाहेबानं तो बघितला, उठला, आणि फळीवरच्या डब्यातून तसाच एक तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. तेलानं काळा झालेला, वर्षापूर्वीचा.

"तुला ठावं हुतं?"

"पहिल्याच दिशी."

"मग बोलला का न्हाईस रं?" लालासाहेब ओरडला.

"काय बोलू?" आता चांदसाहेबही उसळला. "यमाईच्या परसादानं गाडी मेली, हे भर बाजारात म्या सांगायचं? चांदसाहेबानं? लोक काय म्हनलं आसतं, आपली चूक देवीवर ढकलली. आनि तुला एकट्याला सांगितलं आसतं, तर तुला एकट्याजवळ ठिवता येतं व्हय? वरीसभर दातओठ खात बसलोय तुझ्या नावानं!"

भडास संपल्यावर चांदसाहेबानं खुंटीवरून तारेची मुसकी काढून त्याच्यापुढं टाकली. ती तीन होती.

"तोंडं दोनच हायत की," लालासाहेब म्हणाला.

"गाडीला दोनच. तिसरं कुनाचं, ते तू वळख."

लालासाहेबानं दोन मुसकी जागच्या जागी बसवून घेतली. तिसरं त्यानं खिशात घातलं. मग तो गाडी घेऊन बाजारात आला. आठवड्याचा बाजार होता, चहाच्या दुकानापुढं ही गर्दी. इतकी माणसं दिसली की बोडकीला आणखी गुरगुरवायची, ही त्याची रीत. त्या दिवशी त्यानं गर्दीच्या मधोमध गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आपलं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचावं म्हणून तो सीटवर उभा राहिला, आणि दोन्ही खोबऱ्याचे तुकडे हातात धरून सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.