स्क्रूवरचा लाल ठिपका

जुने रेडिओ नि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे मिस्त्री पटकन कुणावर विश्वास ठेवत नसत. सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या फ्लक्सची नवी डबी आणली, तरी आधी हुंगायचे. राळेचा वास आला तरच ती टेबलावर यायची. नळकामाचा फ्लक्स ॲसिडचा. पाइपाला चालतो, पण रेडिओतली तार वर्षानुवर्षं कुरतडत राहतो. काम करताना खिडकी उघडी, धूर बाहेर ढकलणारा पंखा चालू, डोळ्यांवर चष्मा. टाका मारून झाला की स्पिरिटने पुसायचा. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही शिवायचं नाही.

बायको म्हणायची, "बघायला आलात तेव्हा मलाही हुंगलं असणार!"

त्या सकाळी गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या ॲम्प्लिफायरचा खालचा पत्रा त्यांनी काढला आणि कपाळाला आठ्या पडल्या. टाक्यांवर हिरवा थर. बोट लावताच एक तार तुटली.

"बाई, हा नळकामाचा फ्लक्स. मध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात दिला होतात ना?"

"फक्त प्लग बदलायला."

"फक्त प्लग! असं तो म्हणतो."

बाईंचा चेहरा उतरला. "माझ्या किती मुली याच्यावर गायल्या हो! साडेपाचला क्लास सुटला की जातेच. चार लोकांसमोर विचारते त्याला."

मिस्त्रींना बरंच वाटलं. त्या दुकानदाराचं गोड बोलणं त्यांना पहिल्यापासून खटकत होतं.

दुपारी ते बशीत काढून ठेवलेले त्या पत्र्याचे स्क्रू पुसत बसले. धुळीखालून एका स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका निघाला. मग दुसऱ्यावर. चारही स्क्रूंवर अर्धा अर्धा ठिपका. उरलेला अर्धा पत्र्यावर. सकाळी स्क्रू फिरवताना 'कट्' झालं होतं, ते हे अखंड ठिपके तुटल्याचं. आपल्यामागे कुणी यंत्र उघडलं तर कळावं, म्हणून असे ठिपके देणारा माणूस या भागात एकच होता.

चहा घेऊन आलेली बायको वाकली. "अगंबाई, ही माझी नेलपॉलिश! आणि मी वीस वर्षं वन्संवर संशय घेतला!"

मिस्त्रींना आठवलं. वीस वर्षांपूर्वी नळकाम करणाऱ्या मेहुण्याने फ्लक्सची एक डबी दिली होती. सोल्डर कसं सुरेख पसरायचं! तेव्हा हुंगायची सवय नव्हती.

घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. चहा तसाच ठेवून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

कोपऱ्यावर बाईंचा आवाज चढला होता. दुकानदार कानकोंडा होऊन उभा.

"बाई, थांबा," मिस्त्री धापा टाकत म्हणाले. "ते टाके माझे आहेत. माझ्यानंतर तो ॲम्प्लिफायर कुणी उघडलेलाच नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते नव्या डबीकडे पाहायचे, अगदी तसं.

"मग आता नीट कोण करणार?"

"मीच. सगळ्या तारा नव्या घालतो, फ्लक्स राळेचा लावतो. हवं तर शेजारी बसून बघा."

"बसणारच," बाई म्हणाल्या. "आणि डबी आधी मी हुंगणार."