पेटीवरचं चर्च

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आमच्या म्युनिकच्या घरमालकीणबाईंना जुन्या लाकडी पेट्या जमवायचा नाद होता. एक त्यांनी अमेरिकेतून आणवली होती. दोनशे वर्षांपूर्वी इथून तिकडे गेलेल्या सुताराच्या मुलाने ती रंगवलेली. झाकणावर बापाच्या गावचं चर्च होतं. पण इकडच्या मनोऱ्यांना कांद्यासारखा घुमट असतो, त्याने टोकदार सुळका काढला होता.

"गाव त्याने पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं," बाई म्हणाल्या.

मला बापाचाच राग आला. एवढंही नीट सांगता येऊ नये?

वर घरी आलो. इथेच जन्मलेली माझी मुलगी आमच्या गावचं देऊळ काढत होती. रोज झोपवताना मी तिला ते सांगायचो. पार, पिंपळ, दीपमाळ, सगळं होतं. आणि कळसाखाली भलंमोठं घड्याळ, आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या चर्चला होतं तसं.