गच्चीवरची येळवस

शेतकी कचेरीत मी हंगामी सहायक होतो, तेव्हाची गोष्ट. वरून फर्मान आलं, मातीशिवाय पालेभाजी पिकवून दाखवा. तेही आळंदला, जिथं काळी माती पायातली चप्पलसुद्धा सोडत नाही. कायम नोकरीवाल्या सगळ्यांना एकाएकी महत्त्वाची कामं आठवली. उरलो मी. कचेरीवर पत्रे, म्हणून गच्चीही माझ्याच भाड्याच्या घराची. गुलबर्ग्याचे साहेब पौषात येणार होते. भाजी हिरवी दिसली तर मला कायम करायची शिफारस होणार होती.

माती नाही तर मुळांनी धरायचं कशाला? कागदात लिहिलं होतं, नारळाचा काथ्या. आमच्याकडं नारळ दिसतो देवापुढं नाहीतर ओटीत. देवळं फिरून शेंड्या गोळा केल्या, तर जेमतेम एक ट्रे भरला आणि पुजारी माझ्याकडं संशयानं बघू लागले. डाळमिलमधून तुरीचं टरफल आणून दारात वाळत घातलं, ते शेजारच्या म्हशीनं खाल्लं. शेवटी करजगीकडून भीमेची जाड वाळू आणवली आणि सात पाण्यांनी धुतली.

"तांदूळ बी इतकं धुवत न्हाई कुणी," आई म्हणाली. "माती रुसलीय व्हय?"

आई जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपत आली होती. आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. मातीवाचून कसं जगायचं हे कचेरीनं आम्हाला शिकवावं, याचं मला हसू यायचं. रागही यायचा.

वाळूत खताचं पाणी सोडलं आणि पालक आला, चुका आला. आईची थट्टा बंद झाली. गुडघे धरून ती दिवसातून चारदा जिना चढू लागली.

साहेब यायला चार दिवस असताना येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आली. त्या दिवशी ज्याचं शेत असतं तो पाच खडे मांडून पांडव पुजतो, पिकावर आंबट अंबील शिंपडतो. बाकीचे जेवायला जातात. आम्ही कायम बाकीच्यांत. त्या वर्षी आई म्हणाली, गुडघे दुखायलेत, तू जा. मी एका मित्राच्या रानात पालेभाज्या-शेंगांची भज्जी हाणून परतलो, तर गच्चीवर चुना लावलेले पाच खडे आणि प्रत्येक ट्रेमध्ये अंबील.

मातीनं ती पिऊन टाकली असती. वाळूत ती मुळांशी नासली. तिसऱ्या दिवशी मुंग्या, घाण वास आणि माना टाकलेला पालक.

"शिंपडायची तरी. ओतलीस कामून?" मी तिच्यावर ओरडलो.

"पैल्यांदाच घालायले होते," ती म्हणाली. "हात आखडावा वाटला न्हाई."

साहेब नाकाला रुमाल लावून उभे राहिले. मला विचारलं, वाळू चुकली का? मी हो म्हणणार, तोच आई पुढं झाली.

"वाळूचा दोष न्हाई साहेब. मी अंबील घातली."

"भाजीला अंबील कोण घालतं, अक्का?"

"भाजीला न्हाई. शेताला घातली."

साहेबांनी 'प्रयोग फसला' असं लिहिलं. माझी शिफारस बारगळली. आठवड्यानं कचेरीचा शिपाई सामान न्यायला आला, तेव्हा आई जिन्यात आडवी उभी राहिली. "कुठं न्यायलास? आमचं हाय ते." ट्रे, वाळू, सगळं कचेरीचं होतं, हे मला तिला सांगवलं नाही.